थांबायचा हात

रविवार, 6 जुलै 2025 (आषाढी एकादशी)

दुपारी खिचडीची ताटं उचलत होते, तेवढ्यात दारात पाच-सहा पोरं येऊन उभी राहिली. यंदा सोसायटीचा गणपती ढोल-ताशात आणायचा आणि पथक बाहेरचं नको, आपलंच हवं, असं त्यांचं ठरलंय. "काकू, तुम्ही पुण्यात ढोल वाजवायचात ना? आम्हाला शिकवा." बातमी माझ्या लेकीनेच फोडली असणार. ती सगळ्यांच्या मागे उभी होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

विचार करून सांगते म्हणाले. रात्री माळ्यावरून जुनी पिशवी काढली. शेला, वाळून कडक झालेली चिकटपट्टी, ढोल वाजवायची दोन टिपरं. एकाचं टोक झिजून गुळगुळीत झालंय. ते हातात घेतलं आणि मनगट आपोआप हललं. 2004 ते 2010, सात हंगाम वाजवलं. त्यानंतर नोकरी, लग्न, तळोजा. पंधरा वर्षं या टिपराला हात लावला नव्हता, त्याचं एक कारण वेळ मिळाला नाही हे आहे. दुसरं कारण मी कुणालाच सांगितलेलं नाही.

गुरुवार, 10 जुलै (गुरुपौर्णिमा)

गणेशोत्सव आता राज्याचा महोत्सव होणार, अशी घोषणा आज विधानसभेत झाली. पोरांनी ग्रुपवर लगेच टाकलं, जणू पथकाला परवानगीच मिळाली.

गुरुपौर्णिमा म्हटली की मला आमच्या पथकातला ताशेवाला दादा आठवतो. मुठेच्या काठी पत्र्याची शेड, बाहेर चिखल, आत ढोलांची रांग. मी डिप्लोमाला होते. पहिले पंधरा दिवस त्याने ढोल दिलाच नाही. भिंतीशी बसायचं, डाव्या मांडीवर तळहाताने थापी द्यायची, उजवीवर बोटाने टिपरू समजून मारायचं, आणि ताशा ऐकायचा. चुकलं तर तो ओरडत नसे. ताशा थांबवून फक्त बघायचा. सोळाव्या दिवशी ढोल कमरेला बांधला तेव्हा वजनाने पुढे वाकले होते. आठवडाभर उजवी मांडी काळीनिळी होती आणि डाव्या तळहाताला फोड आले. आईने हळद लावली, आणि दुसऱ्या दिवशी "जाऊ नकोस" असं म्हणाली नाही, हे मला आजही मोठं वाटतं.

पुण्यात हे वेड शाळांमधून वाढलं. 1962 साली आप्पासाहेब पेंडसे यांनी सुरू केलेली ज्ञानप्रबोधिनी, रमणबाग, गरवारे, ही नावं जुन्या वादकांच्या तोंडी पहिली येतात. गावाकडचा जत्रेतला, पालखीपुढचा ढोल शहरातल्या शाळकरी मुलांच्या कमरेला बांधला गेला आणि त्याला रांग आली, गणवेश आला, ध्वज आला. मुलींच्या हाती ढोल देणाऱ्यांत प्रबोधिनी पुढे होती. ती वाट आधी कुणी मोकळी केली नसती तर माझ्यासारखीला अलका चौकापर्यंत वाजवत जाता आलं नसतं.

मंगळवार, 15 जुलै

कंपनीत वार्षिक तपासणी होती. मी सुरक्षा विभागात आहे, त्यामुळे कॉम्प्रेसर रूममधल्या माणसांच्या कानांची तपासणी मीच लावते. यंदा रांग संपल्यावर स्वतःही काचेच्या खोलीत जाऊन बसले. डॉक्टरांनी आलेख पुढे ठेवला. उजवा कान बरा. डावा 4000 हर्ट्झपाशी खड्ड्यासारखा खाली गेलेला. "तुम्ही तर मशीनजवळ नसता. आधी कुठे मोठ्या आवाजात काम केलंय का?"

डाव्या हाताला सात वर्षं ताशे होते. तेवढंच सांगितलं.

कारखान्यांच्या नियमात आवाजाचं कोष्टक आहे आणि मला ते पाठ आहे. 90 डेसिबलला 8 तास, 95 ला 4, 100 ला 2, 105 ला 1, 110 ला अर्धा तास, 115 ला पाव तास. त्यापुढे कान उघडे ठेवून उभं राहायचंच नाही. हे कोष्टक मी दर महिन्याला नव्या कामगारांना शिकवते. विसर्जनाच्या दिवशी सीओईपी या पुण्यातल्या अभियांत्रिकी संस्थेचे विद्यार्थी लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकांत आवाज मोजतात, आणि शंभराच्या आसपासचे आकडे आपण वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं वाचत आलोय. तो आवाज चौकात उभ्या असलेल्या माणसाच्या कानावर पडणारा. वादक तर ढोलाला चिकटलेला असतो, आणि सराव दोन महिने, रोज तीन-चार तास. कोष्टक पाठ असलेल्या बाईने हा हिशेब पंधरा वर्षांत एकदाही केला नाही.

रात्री पोरांना निरोप पाठवला. शिकवते, पण तीन अटी. ढोल वीसच्या वर नाहीत. रात्री आठनंतर सराव नाही. कानात बोळे घातल्याशिवाय टिपरू उचलायचं नाही.

रविवार, 27 जुलै

पहिला सराव. पेंधरच्या मेट्रो स्टेशनपलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर. आधी पोरांनी मेट्रोच्या पुलाखालची जागा धरली होती, पाऊस लागत नाही म्हणून. दोन ठोके मारून पाहिले आणि सगळ्यांना बाहेर काढलं. खांबांवरून आवाज फिरून येतो, आणि नवखा वादक समोरच्याऐवजी त्या परतलेल्या आवाजाशी जुळवत बसतो.

सतरा जण आले. सात मुली. एक बारावीतला, एक कंटेनरच्या यार्डात रात्रपाळी करून थेट आलेला. स्पंजचे पिवळे बोळे वाटले तर कुरकुर सुरू झाली. "काकू, मग ऐकू कसं येणार?" एकाला बोळे घालून उभं केलं आणि मागून हळूच ताशा वाजवला. त्याने न बघता बरोबर हात वर केला. आवाज बारीक होतो, पण पुसला जात नाही. त्यानंतर कुणी बोललं नाही.

ढोल कुणालाच दिला नाही. मांडीवर थापी, मांडीवर टिपरू. पंधरा दिवस माझ्याकडे नाहीत, म्हणून फक्त तीन दिवस.

रविवार, 3 ऑगस्ट

ताशा शिकवणारं कुणी नव्हतं, तो प्रश्न सुटला. सी विंगमधले आजोबा मुलाकडे राहायला आलेत. ते म्हसळ्याकडचे, उभी हयात लग्नांत, शिमग्यात खालूबाजा वाजवला. सनई, ढोल, टिमकी, आणि वाजवता वाजवता नाचही. प्लॉटच्या कडेला छत्री घेऊन तीन दिवस बसले होते. आज उठून आले आणि ताशा मागितला. काड्या हातात घेतल्या, दोनदा हवेत फिरवल्या आणि अशी तर्री काढली की यार्डवाला पोरगा टिपरू खाली धरून नुसता बघत राहिला.

दोन मुली ताशाला घेतल्या होत्या. आजोबांना विचारलं, शिकवाल का या दोघींना? म्हणाले, "शिकवीन. पण आधी यांना ढोलवाल्याच्या तोंडाकडं बघाया लावा. ताशा एकटा शहाणा झाला की वराड मागं राहतं."

ते माझ्या डाव्या बाजूला होते. तर्रीचे दाणे सुटे ऐकू येईनात, सगळं मिळून कागद फाटल्यासारखं येत होतं. वळून उजवा कान पुढे केला तेव्हा दाणे वेगळे झाले. आजोबांच्या ते लक्षात आलं. काही न बोलता ते माझ्या उजव्या बाजूला आले.

रविवार, 10 ऑगस्ट

आज चालत वाजवलं, प्लॉटपासून सोसायटीच्या फाटकापर्यंत. उभ्याने बसलेला ठेका चालताना फुटतो. मागची रांग मागे पडते, आणि पोरांना वाटतं मागचे आळशी आहेत. त्यांना हिशेब दाखवला. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. म्हणजे पहिल्या ताशापासून सतरा मीटरवर असलेल्याला ठोका सेकंदाच्या विसाव्या भागाने उशिरा पोचतो. तो ऐकून मारेल, त्याचा आवाज पुन्हा पुढे यायला तेवढाच वेळ. म्हणून ताशे मधोमध घ्यायचे, आणि मागच्याने कानाबरोबर डोळाही वापरायचा. पुढे उभ्या असलेल्याचा वर गेलेला हात दिसला पाहिजे. मूठ वळली की तो थांबायचा हात. सुरू करताना एखादा चुकला तर ढोलांच्या गर्दीत खपून जातो. थांबताना चुकलेला एकटा उघडा पडतो.

हे सांगताना माझा आवाज बदलला असावा. लेक माझ्याकडे बघत होती.

मंगळवार, 19 ऑगस्ट

कालपासून धो धो. शाळांना सुट्टी, लोकल विस्कळीत, कंपनीतून लवकर सोडलं. सराव नाही. ढोल क्लब हाऊसमध्ये आहेत. पानं प्लास्टिकची, म्हणून काळजी नाही. चामड्याची असती तर या दमट हवेत सैल पडली असती, शेकत बसावं लागलं असतं.

लेकीने अमेरिकेतल्या ड्रम कोअरचे, म्हणजे तिथल्या वाद्यपथकांचे, व्हिडिओ लावले. तिथे 1972 पासून ड्रम कोअर इंटरनॅशनलची अजिंक्यपदं होतात. वयाची मर्यादा बावीस, आणि शंभरपैकी गुण देताना परीक्षक दशांशापर्यंत फरक करतात. मला मोहवलं त्यांच्या बास ड्रमच्या रांगेने. पाच ढोल, पाच वेगळ्या उंचीचे सूर, आणि एकच तोडा पाच जणांत वाटलेला. प्रत्येकाच्या वाट्याला एखाद-दोन ठोके, आणि तेही शेजाऱ्याचा ठोका पडल्याच्या क्षणी. आपल्याकडे पन्नास जण मिळून एक ठोका मारतात, तिथे पाच जण मिळून एक ओळ. दोन्हीकडे शेजारी ऐकू आला नाही तर काही उरत नाही.

"आई, तुम्ही पण स्पर्धेत वाजवायचात ना? नंबर आला होता?"

"एकदा दुसरा."

"पहिला का नाही?"

उत्तर दिलं नाही. गॅसवर दूध आहे म्हणून उठले. दूध नव्हतं.

रविवार, 24 ऑगस्ट

शेवटचा सराव. पाऊस उघडला होता, खारघरच्या डोंगरावर ढग टेकलेले. पूर्ण वादन तीनदा घेतलं. तिसऱ्यांदा मूठ वळली, सगळे थांबले, आणि एक ढोल त्यानंतर वाजला. धप्प. बारावीतला मुलगा. सगळे त्याच्याकडे वळले, कुणीतरी हसलं. त्याचे कान लाल झाले.

मी सगळ्यांना खाली बसवलं आणि सांगितलं. सतरा वर्षांनी, पहिल्यांदा.

ऑगस्ट 2008. पुण्यातच एका मैदानावर स्पर्धा होती. आदला सगळा दिवस सराव, रात्री दहापर्यंत. सकाळी उठले तेव्हा डाव्या कानात बोळा घातल्यासारखं वाटत होतं, आत बारीक शिट्टी. कुणाला सांगितलं नाही, सगळ्यांनाच तसं व्हायचं. वादन असं रंगलं की परीक्षकांच्या पाठी खुर्चीवरून सुटल्या होत्या. शेवटच्या आवर्तनाला माझ्यासमोर ध्वज आडवा आला, मूठ दिसली नाही, आणि ताशाचा शेवटचा तुकडा मला ऐकूच आला नाही. सगळं मैदान शांत झालं आणि त्या शांततेत माझा ढोल एकदा वाजला.

पहिला नंबर गेला. पथकप्रमुखांनी विचारलं, कोण होतं? माझ्या शेजारच्या मुलावर संशय गेला. तो "मी नाही" म्हणाला, पण ठामपणे नाही, कारण त्याला स्वतःलाही खात्री नव्हती. विसर्जनाला त्याला पुढच्या रांगेतून मागे टाकलं. बेलबाग चौकात मी पुढे वाजवत होते आणि तो मागे. मी गप्प राहिले. नंतर दोन हंगाम वाजवलं, पण ढोल बांधताना प्रत्येक वेळी त्याची जागा दिसायची. वाजवणं सोडलं त्याचं दुसरं कारण हे.

आता आलेख पाहिल्यावर कळतंय की दिवसभराच्या आवाजाने कान काही तास बधिर होतात, आणि असं पुन्हा पुन्हा झालं की खड्डा कायमचा पडतो. चूक कानाची असेल. गप्प राहणं कानाचं नव्हतं.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग बारावीतला मुलगा म्हणाला, "काकू, मी बोळा काढला होता. टोचत होता. मग आवाज एकदम मोठा झाला आणि गोंधळलो." कुणी हसलं नाही. यार्डवाल्याने खिशातून नवे बोळे काढून त्याला दिले. आम्ही चौथ्यांदा वाजवलं.

बुधवार, 27 ऑगस्ट (गणेश चतुर्थी)

मूर्ती सकाळी साडेआठला फाटकाशी आली. अठरा ढोल, तीन ताशे, दोन झांजा, एक ध्वज. फाटकापासून मांडवापर्यंत वीस मिनिटं. नाक्यावर रिक्षावाले उतरून उभे राहिले, समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्या भरल्या.

गेल्या वर्षी हरित लवादाने पुण्यात एका पथकात तीसच वादक असावेत असा आदेश दिला, आणि 12 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, तेव्हा मी इथे घरात टाळ्या वाजवल्या होत्या. आजही ती स्थगिती मला योग्य वाटते. पण किती ढोल, किती वेळ आणि कुणाच्या कानाशी, हे आपलं आपण ठरवायला हवं. पहिल्या मजल्यावर बाळंतीण आहे. तिच्या खिडकीखालून आम्ही नुसती झांज वाजवत गेलो. तिने बाळाला घेऊन खिडकीतून हात जोडले.

मांडवाशी शेवटचं आवर्तन. आजोबांची तर्री चढत गेली. मी उजवा कान त्यांच्याकडे केला, हात वर नेला आणि मूठ वळली.

अठरा ढोल एकदम थांबले. आधी आरतीच्या घंटेचा आवाज आला, मग वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी, मग लांब पेंधरकडे वळणाऱ्या मेट्रोची घरघर. बारावीतला मुलगा टिपरू हवेत धरून उभा होता. ते त्याने सावकाश खाली घेतलं आणि ढोलाला लागू दिलं नाही.

रात्री जुन्या वहीत त्या शेजारच्या मुलाचा नंबर शोधला. सापडला. तो अजून चालू आहे की नाही ते उद्या कळेल. उद्या फोन करणार आहे.