हे कशाचे आहे?

हा प्रश्न आम्हा मुसलमानांच्या वाट्याला दोन्ही बाजूंनी येतो. बाहेर जेवायला गेलो की तो आम्ही विचारायचा, आणि चारचौघांत डबा उघडला की तो आम्हाला विचारला जायचा. मार्च 2015 मध्ये राज्यात गायीबरोबर बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. तेव्हापासून प्रशिक्षणाच्या दुपारच्या सुट्टीत कुणी ना कुणी हसत विचारतेच, "काय गुरुजी, आज कशाचे?" डब्यात वांग्याची भाजी असते. आम्हीही हसतो, पण झाकण अर्धेच उघडतो.

आम्ही म्हणजे वडसा आणि ब्रह्मपुरीकडच्या उर्दू शाळांतले चार शिक्षक. मध्ये वैनगंगा, अलीकडे गडचिरोली जिल्हा, पलीकडे चंद्रपूर. बी.एड.पासून आमचे दस्तरखान एकच आहे. खाण्याच्या बाबतीत चौघेही हौशी, पगाराच्या बाबतीत चौघेही शिक्षक.

एका मे महिन्यात लग्नासाठी मुंबईला गेलो, तेव्हा डिमसमच्या एका गाजलेल्या हॉटेलात जाण्याची हौस पुरी करायचे ठरवले. दाराशीच रांग. आत टेबलाटेबलावर बांबूच्या गोल टोपल्यांची चळत, झाकण उचलले की वाफेचा लोट. डिमसम हा दक्षिण चीनमधल्या ग्वांगदोंग प्रांतातला, चहासोबत खायचा पदार्थ. शब्दाचा अर्थ 'हृदयाला स्पर्श' असा सांगतात. दिल को छूना! उर्दूवाल्यांना याहून वेगळे आमंत्रण कशाला हवे? कोळंबीच्या डिमसमची पारी इतकी पातळ की आतला गुलाबी रंग बाहेरून दिसावा. शेजारच्या टोपलीत शुमाई, वरून तोंड उघडे ठेवलेली. तिच्यात मूळ रिवाजाप्रमाणे डुकराचे मांस असते.

आम्ही वेटरला हळूच विचारले. मुलगा विशीतला असेल. तो तितक्याच हळू म्हणाला, "सर, चिकन हलाल का है, लेकिन स्टीमर सबका एक है."

खोटे बोलला असता तर आम्हाला कधी कळलेही नसते. त्याचे खरे बोलणे आम्ही आजही आदराने आठवतो. आम्ही चहा घेतला आणि उठलो. चहाचे बिल मात्र आमच्याकडच्या चार जेवणांएवढे होते.

परतीच्या गाडीत आमच्यातल्या एकाला आठवले की डिमसमचा एक चुलतभाऊ आपल्या शेजारीच राहतो. वडशाहून गोंदियाकडे जाणाऱ्या गाडीत बसायचे आणि अर्जुनीला उतरायचे. तिथून आत जंगलात, गोठणगावजवळ, तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग ही वसाहत आहे. ती 1972 मध्ये वसली, तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. 1999 पासून गोंदियात आहे. सागाच्या आणि मोहाच्या झाडांमध्ये रंगीत प्रार्थना-पताका फडफडतात. हिवाळ्यात आमच्या गावांत स्वेटर विकायला येणारी माणसे ही. भाव करताना त्यांची हिंदी आम्ही ऐकली होती. इथे त्यांची पोरे झाडीतल्या पोरांसारखी मराठी बोलताना ऐकली.

जवळच प्रतापगड. टेकडीवर महादेवही आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांच्या नावाचा दर्गाही. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. आम्ही दर्ग्यावर फातिहा पढून खाली आलो आणि मोमोची चौकशी करत एका घराच्या ओसरीवर जाऊन बसलो. तीन बाकडी, एक चूल. म्हातारी मावशी मैद्याच्या पाऱ्या लाटत होती आणि सून त्यांना चुण्या पाडत होती. आपल्याकडे विदर्भात मोदकसुद्धा बहुतेक घरी तळलेलेच, त्यामुळे उकडीच्या चुण्यांचे आम्हाला भारी अप्रूप.

आम्ही विचारले, "मौसी, मटण कुठले?"

"अर्जुनीच्या खाटकाचे. तुमच्यातलाच आहे," ती म्हणाली. "माझी आई सांगायची, ल्हासातही खाटीक मुसलमानच असायचे."

ही गोष्ट खरी आहे. बौद्ध धर्मात हत्या निषिद्ध, पण त्या थंड, उंच मुलखात भाजीपाला कमी. मांसावाचून भागत नसे. मग सुरी चालवण्याचे काम पुष्कळदा मुसलमानांकडे असे. काश्मीर-लडाखकडून व्यापारासाठी गेलेले मुसलमान ल्हासात पिढ्यान्‌पिढ्या राहिले होते, त्यांच्या मशिदी होत्या. 1959 नंतर त्यांतले बरेच जण भारतात आले. श्रीनगरला आजही त्यांची वस्ती आहे आणि तिथे मोमो हलालच मिळतो. खुद्द चीनमध्ये हुई मुसलमानांच्या खाणावळींवर 'शुद्ध आणि सत्य' अशा अर्थाची दोन अक्षरे लिहिलेली असतात. हलालची खूण ती हीच. पश्चिमेकडे निघालो तर उइघुरांचा मंता, उझबेकांची मंती, अफगाणांचा दह्यातला मंतू, तुर्कांची बोटाच्या पेराएवढी मंती. म्हणजे मुंबईत ज्या टोपलीसमोरून आम्ही उठून आलो, तिच्या खानदानातले अर्धे लोक कलमा पढणारे निघाले!

पण मावशीचे खरे शहाणपण पुढे दिसले. चुलीवर उकडायची भांडी दोन होती. एकाच्या कडीला लाल चिंधी बांधलेली.

"शिवरात्रीला लोक विचारतात, यात मटण तर नाही ना? दर्ग्याचे लोक विचारतात, मटण कोणी कापले? मग मी काय करू? दोन भांडी ठेवली. चिंधीवाले पत्ताकोबीचे."

"विचारल्याचा राग नाही येत?"

"राग कशाचा? खायचे असते म्हणूनच विचारतात ना!"

आठ-आठ नग खाल्ले. लाल मिरचीच्या चटणीने डोळ्यांतून पाणी काढले. आमच्यातल्या एकाने तर पाण्याचा तांब्याच तोंडाला लावला. निघताना दोन डबे बांधून घेतले.

दुसऱ्या दिवशी केंद्रावर प्रशिक्षण होते. सकाळी मोमो तव्यावर थोड्या तेलात परतले, कारण थंड झाले की पारी चिवट होते. दुपारी डबे टेबलावर ठेवले, झाकणे पूर्ण उघडून. एकाच्या कडीला लाल दोरा गुंडाळला होता.

"काय गुरुजी, कशाचे?" नेहमीचा आवाज आला.

"दोऱ्याचे पत्ताकोबीचे. बिनदोऱ्याचे बकऱ्याचे. घ्या."

मराठी शाळेतल्या एका बाईंनी दोऱ्याच्या डब्यातले दोन उचलले आणि चटणी मागितली. विचारणारे सर जरा वेळ उभे राहिले. मग खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "हे दोन वेगवेगळ्या भांड्यांत उकडलेत ना?"

आम्ही त्यांना मावशीची चूल सांगायला लागलो.