तिने बोट ठेवलेले चौघे

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानाचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. डिसेंबरात पहाटे फिरायला गेलं की झाडांखाली धुकं रेंगाळत असतं, पुढे चालणारा माणूस आधी ऐकू येतो आणि मग दिसतो. अशा वेळी या नावाशी माझं मन अडकतं. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद थिएटरात ‘शारदा’ बघायला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर कान्हेऱ्यांनी गोळ्या झाडल्या आणि १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात त्यांना, कृष्णाजी कर्व्यांना आणि विनायक देशपांड्यांना फाशी झाली. कान्हेरे अठरा वर्षांचे होते. खटला, निकाल, दोर, सगळं चार महिन्यांत उरकलं. सरकारने ज्याला फासावर दिलं, त्याच्या नावाच्या मैदानावर आज पोरं रणजीचा सामना बघतात.

पण कान्हेऱ्यांच्या बाबतीत गोळी कुणी झाडली हा प्रश्नच नव्हता. मला सांगायचं आहे ते याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका फाशीबद्दल. ती सुनावली गेली, कायम झाली, वाढवलीही गेली. आणि अखेर झाली नाही.

५ जून २००३ ची रात्र. मृग दोन-तीन दिवसांवर आलेला. त्या दिवसांत नाशिकच्या आसपास रात्री हवा कोंडून राहते, कुठेतरी लांब वीज नुसतीच लवते आणि बागांमधल्या तापलेल्या मातीला पावसाच्या आधीचा एक वास येतो. शहराजवळच्या एका शिवारात, पेरूच्या बागेतल्या झोपडीत एक कुटुंब राहत होतं. त्या रात्री दरोडा पडला. थोडे पैसे, अंगावरचे दागिने आणि त्यापायी पाच खून, अमानुष अत्याचार. मेलेले समजून टाकून दिलेले दोघे तेवढे वाचले, एक आई आणि तिचा मुलगा. हे ऐकून ज्याच्या पोटात कालवत नाही, ज्याला संताप येत नाही, त्याच्याशी फाशीविषयी बोलण्यात मला अर्थ वाटत नाही. या विषयावरचं बोलणं त्या झोपडीपासूनच सुरू व्हायला हवं.

सहा जण पकडले गेले. भटक्या जमातीतले, मजुरी करून पोट भरणारे. सीबीएस बसस्थानकासमोरच्या आपल्या जिल्हा न्यायालयात २००६ मध्ये सहाही जणांना फाशी सुनावली गेली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ३० एप्रिल २००९ ला तिथे पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली गेली. त्या निकालाला आधार होता रावजी खटल्याचा. गुन्हेगाराकडे नव्हे तर गुन्ह्याच्या क्रौर्याकडे पाहून शिक्षा ठरवावी, असं त्या जुन्या निकालात म्हटलं होतं. दोन आठवड्यांच्या आत सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या पीठाने, महाराष्ट्रातल्याच संतोष बरियार खटल्यात, रावजीचा तो निकाल घटनापीठाच्या १९८० च्या बच्चनसिंग निकालाला सोडून दिलेला आहे, असं नोंदवलं. रावजीला मात्र १९९६ मध्येच फाशी देऊन झाली होती. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रं लिहून, अशा चुकीच्या आधारावर फाशी सुनावलेल्यांना वाचवा, अशी विनंती केली. त्या यादीत नाशिकचे हे सहाजणही होते.

तोवर प्रश्न फक्त शिक्षा किती, एवढाच होता. त्याहून मोठा प्रश्न एका जबाबात पडून होता.

घटनेनंतर दोनच दिवसांनी, ७ जूनला, त्या वाचलेल्या माउलीसमोर पोलिसांनी आपल्याकडच्या गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम ठेवला. तिने त्यातल्या चौघांवर बोट ठेवलं. हे ते, असं सांगितलं. या सहांपैकी त्यात एकही नव्हता. त्या चौघांचा पाठपुरावा झाला नाही, आणि तो जबाब फिर्यादी पक्षाने न्यायालयापुढे येऊ दिला नाही. ५ मार्च २०१९ ला न्या. सिक्री, न्या. नझीर आणि न्या. शहा यांच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. गरीब, भटके म्हणून त्यांना गोवलं गेलं असण्याची शक्यता न्यायालयाने नाकारली नाही. सोळा वर्षं तुरुंगात गेली होती. त्यांच्यातला एकजण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हेही फाशी सुनावल्यावरच ठरलं. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई सरकारने द्यावी, असा आदेश झाला.

पाच लाख देता आले, कारण घ्यायला माणसं जिवंत होती.

१८७१ च्या कायद्याने जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना ३१ ऑगस्ट १९५२ ला मुक्त केलं गेलं, असं आपण शाळेत शिकतो. तरी रात्री कुठे दरोडा पडला की सकाळी पोलिसांची गाडी कुठल्या पालांकडे वळते, हे गावातल्या कुणालाही विचारा. वकील परवडत नाही, जामीनदार मिळत नाही, पंच ओळखीचा नाही. फाशीचा दोर सगळ्यांसाठी सारख्याच लांबीचा असतो, पण त्याच्याखाली कोण आणून उभा केला जातो, ते आधी कितीतरी ठिकाणी ठरलेलं असतं.

नाशिकच्या याच जिल्हा न्यायालयात २० जानेवारी २०१८ ला सोनई हत्याकांडातल्या सहा जणांना फाशी सुनावली गेली. १ जानेवारी २०१३ ला तीन दलित तरुणांना जातीच्या विखारातून मारलं होतं. तिथे माझं मन सर्वात जास्त अडखळतं. खैरलांजीच्या दलित हत्याकांडात उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली, तेव्हा आमच्या जिवाची किंमत एवढीच का, असा आक्रोश उठला होता, आणि तो खोटा नव्हता. शतकानुशतकं ज्यांच्या खुनाला शिक्षाच नव्हती, त्यांना क्षमेचे धडे देण्याचा अधिकार मला नाही. मात्र त्यांच्या जिवाची किंमत गुन्हा पहिल्याच दिवशी नोंदवण्यात आहे, साक्षीदाराला धाक न बसण्यात आहे, खरा आरोपी शेवटपर्यंत न सुटण्यात आहे, असं मला वाटतं. काळाराम मंदिराच्या दारात १९३० मध्ये ज्यांनी सत्याग्रह उभा केला त्या बाबासाहेबांनीच ३ जून १९४९ ला घटना समितीत सांगितलं होतं, की या देशाने फाशीची शिक्षाच रद्द करणं योग्य ठरेल. अन्याय काय असतो हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

रामकुंडावर रोज देशभरातून लोक अस्थी घेऊन येतात. दशक्रियेचे पिंड मांडून कावळ्याची वाट बघणारी माणसं मी किती बघितली आहेत. आजाराने, अपघाताने, म्हातारपणाने गेलेल्यांची ती माणसं. त्यांच्यातल्या कुणाच्याही मरणाची तारीख आणि वेळ सरकारने कागदावर लिहून, सही करून ठरवलेली नसते. एवढा अधिकार मी कुठल्याच सरकारला द्यायला तयार नाही. येरवड्यात नाही, नागपुरात नाही, कितीही घोर गुन्ह्यासाठी नाही. घोर गुन्हेगार आयुष्यभर आत राहो, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आणि त्या सहा जणांना खरंच फाशी झाली असती, तर प्रकरण बंद झालं असतं. फाईल बांधून ठेवली गेली असती आणि त्या बाईचा ७ जूनचा जबाबही तिच्यात कायमचा पुरला गेला असता. फाशी तिच्या नावाने मागितली जात होती. तिने दाखवलेले चेहरे मात्र कुणालाच नको होते. २०१९ च्या निकालात न्यायालयाने त्या चौघांबाबत पुढील तपास करायला आणि चुकलेल्या अधिकाऱ्यांची जबाबदारी निश्चित करायला सांगितलं. म्हणून माझी एकच विनंती आहे. पुढच्या वेळी सीबीएसच्या चौकात ‘फाशी द्या’ असा फलक धरावासा वाटला, तर धरण्याआधी एवढं विचारा: जिने सगळं डोळ्यांनी पाहिलं, तिने कुणावर बोट ठेवलं होतं, आणि त्यांचा तपास कुठवर आला?