रकाना

परवा माझं ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड हातात आलं. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना ते मिळतं. आधार दाखवलं, आणि वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय झाली. पेन्शन किती, शेत किती, कोणी काही विचारलं नाही. वय तेवढं पाहिलं.

कार्ड उलटसुलट करून बघत लेक म्हणाली, “आई, तुझं बरं आहे. तुझ्या लग्नाचं कुणी विचारलं नाही.”

हसून म्हणाली, पण मला ते लागलं. का लागलं, ते आज लिहून टाकते.

लेक ४४ वर्षांची. पुण्यात अठरा वर्षं संसार केला आणि २०२४ साली दोघांच्या संमतीने घटस्फोट झाला. भांडण नव्हतं, त्यामुळे अटी शांतपणे लिहिल्या. फ्लॅटचं काय, दागिने कोणाचे, गाडी कोणाची, अगदी माझ्या आईची पितळी भांडीसुद्धा यादीत आली. एक गोष्ट मात्र कोणालाच सुचली नाही. तिचा आरोग्य विमा जावयांच्या कंपनीच्या गट विम्यात होता, ‘पत्नी’ म्हणून. ते नातं संपलं आणि विमाही संपला. स्वतः शिकवण्या घेणारी बाई ती, तिला कुठली कंपनी विमा देणार? आणि मधुमेह पाच वर्षांपासूनचा.

ती इस्लामपूरला माझ्याकडे आली. (२०२५ पासून सरकारदरबारी आमचं गाव ईश्वरपूर झालं, माझ्या तोंडात अजून जुनंच नाव येतं.) शेजारीपाजारी विचारायचे, तर मी सांगायची, “थोडे दिवस राहायला आलीय.” असे आठ महिने सांगत होते! माझा एक विद्यार्थी विम्याचं काम करतो. महिन्यातून एकदा तरी डोकावायचा. मी चहा द्यायची, मुलांची चौकशी करायची, आणि लेकीचा विषय निघाला की दूध बघायला आत जायची.

मग तिच्या पायाला जखम झाली, साखर वाढलेली, जखम चिघळली. आमच्याकडे ‘मिरजेला न्या’ म्हटलं की घरातल्यांचे पाय लटपटतात. तेवढी वेळ आली नाही, इथल्याच दवाखान्यात निभावलं. बिल मी ठेव मोडून भरलं. त्यानंतर त्या विद्यार्थ्याला बोलावून सगळं सांगितलं.

तो गप्प ऐकत राहिला. मग म्हणाला, “बाई, आधी का नाही बोललात?”

त्याने जे सांगितलं ते थोडक्यात असं. गट विम्यातून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी मागता येते. कंपनी कागद तपासते, पण पॉलिसी मिळाली तर जुन्या आजारासाठी आधी काढलेला प्रतीक्षेचा काळ जमा धरला जातो. ती वेळ आमची टळून गेली होती. आता नवीन पॉलिसी, आणि मधुमेहासाठी प्रतीक्षा पहिल्यापासून. २०२४ च्या नियमांनी ही मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली आहे, पूर्वी चार होती, एवढंच काय ते समाधान.

म्हणजे लेकीची ती वर्षं कोणी घालवली? कायद्याने नाही, जावयांनीही नाही. माझ्या ‘थोडे दिवस राहायला आलीय’ने घालवली.

अर्ज भरायला बसलो. घरातलेच एक वडीलधारे म्हणाले, “शुगरचं लिहू नका, कोण बघतंय?” चौतीस वर्षं मुलांच्या कॉप्या पकडल्या मी, पण खरं सांगते, क्षणभर मलाही ते पटलं. खाली वैवाहिक स्थितीचा रकाना होता. तिथेही माझं पेन थांबलं.

लेकीने पेन काढून घेतलं. ‘घटस्फोटित’ लिहिलं, मधुमेह लिहिला, गोळ्यांची नावंही लिहिली. म्हणाली, “लपवूनच इथवर आलो ना, आई?” आजार दडवला तर ऐन वेळी दावा नाकारतात, हे विद्यार्थ्याने नंतर सांगितलं. तिने ते न सांगता केलं.

पॉलिसी मिळाली. हप्ता चढा आहे. पहिल्या वर्षी वर १८ टक्के जीएसटीही भरला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा तो कर गेला, त्यामुळे पुढचा हप्ता थोडा हलका झाला. पुण्याच्या रेशनकार्डातून तिचं नाव कमी करून माझ्या कार्डात घातलं. त्यासाठी तहसीलला बरेच हेलपाटे झाले, पण महात्मा फुले योजनेत आता पांढऱ्या कार्डवाल्यांनाही ठरावीक उपचार मिळतात, तेव्हा नाव असलेलं बरं.

गेल्या आठवड्यात बाजारात एक जुनी विद्यार्थिनी भेटली. तिच्या मुलीचं कोर्टात चाललं आहे. डोळे पुसत सांगत होती. मी तिला धीर द्यायच्या आधी विचारलं, “विमा कुणाच्या नावावर आहे गं?”

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग मी तिला तिथेच, भाजीच्या पिशव्या खाली ठेवून, माझ्या लेकीची सगळी हकीकत सांगितली. मोठ्याने. भाजीवालीनेही ऐकली असेल.