आडाचा उपसा

चोर्ला घाट जिथून गोव्याकडे उतरू लागतो, त्याच्या थोडे अलीकडे आमचे कणकुंबी गाव आहे. खानापूर तालुक्याचे हे टोक. माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते आणि सौंदत्तीच्या यल्लम्माच्या मुलखातून वाहत जाऊन कूडलसंगमास कृष्णेला मिळते. आणि त्याच गावचा कळसा नाला मात्र पाठ फिरवून पश्चिमेस म्हादईकडे जातो. पाण्यास आमच्याकडे तोटा नाही. आषाढात तर चार चार दिवस सूर्यदर्शन होत नाही, आणि पाहुण्यांना आम्ही आवर्जून सांगतो की छत्री आणू नका, ती येथे टिकत नाही. अशा या पाण्याच्या गावातून दुधाच्या थेंबासाठी बेळगावच्या वाऱ्या करण्याची पाळी आम्हां उभयतांवर आली, ती हकीकत येथे सांगावयाची आहे. असला विषय चारचौघांत बोलण्याचा नव्हे, असे काही वाचकांस वाटेल. आम्हांसही तसेच वाटत असे.

२०२२ सालच्या गुरुपौर्णिमेनंतर दोन दिवसांनी आमची सूनबाई बाळंत झाली. दिवस भरण्यास नऊ आठवडे अवकाश होता. रात्री पोटात दुखू लागले, जांबोटीमार्गे गाडी बेळगावास नेईतो पहाट झाली, आणि इस्पितळात पोहोचल्यावर तासाभरात मुलगी जन्मली. वजन १,३८० ग्रॅम. आमच्या घरी गूळ आणतात त्या ढेपेचे वजन याहून अधिक असते. तिला काचेच्या पेटीत ठेवले, नाकाला नळी लावली आणि दुसरी बारीक नळी तोंडातून पोटात सोडली.

पहिल्याच दिवशी आमच्या हातून एक चूक होता होता राहिली. पहिले पिवळट चीक-दूध जड असते, ते पिळून टाकावे आणि बाळास मधाचे बोट चाटवावे, अशी आमच्या घरची जुनी समजूत. सूनबाईला चिकाचे चारसहा थेंब आले ते वाटीत धरून आम्ही मोरीत ओतणार, इतक्यात तेथील वडील सिस्टर धावत आल्या. ‘‘आजी, ते बाळाचे पहिले औषध आहे. त्यातला थेंबसुद्धा सांडायचा नाही.’’ मग त्यांनी समजावून सांगितले ते असे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे आतडे कोवळे असते. वरच्या दुधाने त्यास सूज येऊन ते सडण्याचा धोका असतो, आणि अशा आजारात मुले दगावतात. आईचे दूध त्यापासून राखण करते. शिवाय अपुऱ्या दिवसांच्या बाळंतिणीच्या दुधात पहिले काही आठवडे प्रथिनांचे प्रमाण पूर्ण दिवसांच्या बाळंतिणीहून अधिक असते. निसर्गाने बाळाचे दिवस पाहून दूध घडवावे याचे आम्हांस फार नवल वाटले.

परंतु हे दूध आणावयाचे कसे? चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तिन्ही क्रियांचा मेळ बाळास साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो. आमची नात एकतिसाव्या आठवड्याची. ती अंगावर पिणार नाही, आणि बाळ पीत नाही तोवर आईच्या शरीरास दुधाची मागणीच कळत नाही. ही मागणी हातांनी करावी लागते. बाळंतपणानंतर होईल तितक्या लवकर, शक्य तर पहिल्या सहा तासांच्या आतच, दूध काढण्यास सुरुवात करावी आणि दिवसरात्रीतून आठ ते दहा वेळा काढावे. हाताने काढण्याची रीत सिस्टरांनी दाखविली. हात साबणाने धुऊन, ऊन कापडाने शेकून, हलके चोळून घ्यावे. मग अंगठा वर आणि बोटे खाली, काळसर वर्तुळाच्या कडेशी ठेवून प्रथम छातीकडे मागे दाबावे, मग एकमेकांकडे दाबावे, मग सैल सोडावे. बोटे कातडीवरून घसरू देऊ नयेत. धार मंदावली की बोटांची जागा बदलावी.

तिसऱ्या दिवशी सगळे मिळून ४० मिलिलिटर दूध निघाले. पाचव्या दिवशी १८०. आम्ही माउलीस नारळ बोललो आणि निश्चिंत झालो.

पुढे जे घडले त्याचा दोष आमचाच. सूनबाईच्या अंगात कणकण होती, डोळे खोल गेले होते, दर तीन तासांनी उठून दूध काढताना ती बसल्याबसल्या पेंगत असे. आम्हांस दया आली. ‘‘रात्री तरी तिला झोपू द्या, बाळंतिणीला विश्रांती हवी,’’ असे आम्हीच आयेला बजावले. तीन रात्री ती दहापासून सहापर्यंत झोपली. नवव्या दिवशी मोजले तेव्हा दिवसभराचे दूध ९० मिलिलिटरवर आले होते. बाळाला लागत होते २००च्या वर. मुलीचे वजन जन्माहून कमी, १,२४० ग्रॅम. अशा बाळांचे वजन पहिल्या आठवड्यात थोडे उतरतेच, परंतु ते आम्हांस कोण सांगणार? एक आप्त भेटीस आले होते, त्यांनी दुधाच्या भुकटीचा डबाच आणून ठेवला. सूनबाईने तो पाहिला मात्र, आणि भिंतीकडे तोंड करून ती जी रडू लागली ती दुपारपर्यंत. ‘‘माझ्यातच नाही,’’ एवढेच ती म्हणे.

सिस्टरांनी आम्हांस बाहेर बोलावले. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी विचारले, ‘‘काका, तुमच्या गावात आड आहे ना? चार दिवस उपसला नाही तर पाणी वाढते की झरे बुजतात?’’ आम्ही मान खाली घातली. दूध उतरविणारा जो अंतःस्राव आहे, प्रोलॅक्टिन त्याचे नाव, तो रात्री अधिक स्रवतो. म्हणून रात्रीचे दूध चुकले तर दिवसाचेही आटते. शिवाय साठलेले दूध तसेच राहिले तर तेच नवे दूध बनण्यास आवर घालते. दया म्हणून आम्ही आडावर झाकण ठेवले होते.

त्या रात्रीपासून घड्याळाचा गजर लागू लागला. अकरा, दोन आणि पाच. आमच्यापैकी एकाने उठून पाणी गरम करावयाचे, भांडी उकळावयाची, सूनबाईने दूध काढावयाचे. पहाटे तासभर दहा मिनिटे काढणे आणि दहा मिनिटे थांबणे असा क्रम ठेवला, म्हणजे भुकेले बाळ वारंवार छातीशी लागावे तसे शरीरास वाटते. पहिले दोन दिवस फरक पडला नाही. पाऊस पन्हाळीतून पडत होता आणि वाटीत मात्र पंचवीस-तीस थेंब. त्या वेळी घरातून तिच्या उशाशी बसून जे सांगितले गेले ते आमच्या बोलीत असे: ‘‘भियेनाका बाय, दूद येतलें.’’ आमच्या मनात मात्र तेवढी खात्री नव्हती, हे आता कबूल करण्यास हरकत नाही.

खाण्याची बाजू आम्ही राखून होतो. आळिवाची खीर, ओले खोबरे घातलेले आळिवाचे लाडू, मेथीची पेज, नाचणीची आंबील, शतावरी कल्प दुधातून. डॉक्टर हसून म्हणाले, ‘‘खाऊ द्या, बाळंतिणीचे पोट भरलेले बरे, पण लाडवाने दूध वाढते याचा भक्कम पुरावा नाही. उपसा मात्र चुकवू नका.’’ दूध वाढविण्याच्या गोळ्या मिळतात, त्या आपल्या मनाने घेऊ नयेत, हेही त्यांनी बजावले. आम्ही लाडू थांबविले नाहीत. लाडू खाताना सून हसत असे, एवढा गुण तरी आम्ही डोळ्यांनी पाहिला.

अकराव्या दिवशी खरा पेच आला. डॉक्टरांनी सांगितले की आता मुलीस पेटीबाहेर काढून आईच्या उघड्या छातीशी, अंगास अंग लावून, उभी बांधून ठेवावयाचे. डोक्यास टोपी, पायांत मोजे, कमरेस लंगोट, आणि वरून पदर. कोलंबिया देशातील बोगोटा शहरात १९७८ साली पेट्यांचा तुटवडा पडला, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी ही रीत सुरू केली आणि डॉ. हेक्टर मार्टिनेझ यांनी ती पुढे नेली. कांगारू आपले पिलू पोटपिशवीत वागविते, त्यावरून तिला नाव पडले. २०२१ साली भारतासह पाच देशांतील इस्पितळांत झालेल्या अभ्यासाचे फळ प्रसिद्ध झाले. १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्यापासूनच असे छातीशी धरले, तर पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील मृत्यू शेकडा १५.७ वरून १२ वर येतात, असे त्यात दिसले. आईला विश्रांती हवी तेव्हा आजीने धरावे, असे डॉक्टर म्हणाले.

आता आमचे घर देवळाच्या सेवेचे. सोयर फिटले होते खरे, पण पुढल्याच आठवड्यात आमची पाळी होती, आणि बाळंतिणीच्या खोलीत दिवसरात्र राहून देवाच्या कामास उभे राहावे काय, याची घरात चर्चा झाली. कोणी शास्त्र काढले, कोणी रूढी. अखेर चुलत भावाने पाळी आपणाकडे घेतली आणि म्हणाला, ‘‘देवीचे नावच माउली आहे, ती काय रागावणार?’’ त्याच दुपारी आमच्यापैकी आजीने चोळी सैल करून नातीस छातीशी घेतले. कातडीखाली एवढेसे काळीज पाखरासारखे फडफडत होते. अर्ध्या तासात ते शांत झाले. पुढे आजोबांनाही तो मान मिळाला. छातीवर केस फार म्हणून त्यांनी आढेवेढे घेतले, ते कोणी ऐकले नाहीत.

सूनबाईने तीन तास मुलीस छातीशी धरले त्या संध्याकाळी तिची साडी ओली झाली. पान्हा म्हणतात तो हा. घरी परतल्यावर आम्ही सुश्रुतसंहिता काढून पाहिली. क्रोध, शोक आणि अवात्सल्य यांमुळे स्तन्य आटते असे शारीरस्थानात सांगितले आहे, आणि अपत्याच्या स्पर्शाने, दर्शनाने, नुसत्या स्मरणानेही ते वाहू लागते असे निदानस्थानात. डॉक्टर ज्यास ऑक्सिटोसिन म्हणतात त्याचेच हे काम. ग्रंथ इतकी वर्षे कपाटात होता, आम्ही त्यास हळदकुंकू वाहत होतो.

चौदाव्या दिवशी २६० मिलिलिटर झाले, एकविसाव्या दिवशी ४५०. दुसऱ्या आठवड्याअखेर पाचशेच्या वर जावे असे धरतात. आम्ही मागे होतो, पण मुलीस पुरून उरत होते. सूनबाईला इस्पितळातून सोडल्यावर ती जवळच भाड्याच्या खोलीत राहिली, आणि रात्रीचे दूध थर्मासात बर्फ घालून आम्ही पहाटे पावसातून नेत असू. काढलेले दूध घरच्या हवेत चार तास आणि शीतकपाटात एक दिवस, याहून जास्त ठेवावयाचे नाही, हा आमचा दंडक. प्रत्येक बाटलीवर वेळ लिहिलेली.

ज्या मातेस प्रयत्न करूनही दूध येत नाही, तिचे काय? मुंबईच्या शीव इस्पितळात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्धपेढी उघडली. आशियातील ती पहिली म्हणून ओळखली जाते. ज्या मातांना दूध अधिक येते त्या देतात, ते ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून निर्जंतुक करतात आणि ज्या बाळांस हवे त्यांस देतात. दुसरीचे दूध आपल्या मुलास चालेल काय, हा प्रश्न आमच्या ओठांवर आला होता. मग कृष्णास कोणी वाढविले ते आठवले आणि आम्ही गप्प बसलो.

चौतिसावा आठवडा लागला तसे मुलीस आधी रिकाम्या केलेल्या छातीशी नुसते चोखू देऊ लागले, आणि नळीचे दूध कमी करून चमच्याने. येथे आमचे बोंडले कामास आले. पणजीच्या वेळचे चांदीचे, निमुळत्या चोचीचे. सिस्टरांनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिले. ‘‘हेच दक्षिणेकडे पलाडई म्हणून वापरतात. बाटलीपेक्षा चांगले, फक्त प्रत्येक वेळी उकळा.’’ आमच्या घरच्या वस्तूस इस्पितळात जागा मिळाली याचा अभिमान आम्ही चार दिवस मिरविला. त्याच घरची मधाच्या बोटाची रीत मात्र आम्ही कोणास सांगितली नाही.

गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी मुलगी कणकुंबीस आली. वजन १,८४० ग्रॅम. बारसे जन्मापासून मोजावे की भरलेल्या दिवसांपासून, यावर भटजींचे आणि डॉक्टरांचे एकमत झाले नाही. आम्ही भाद्रपदात, तिचे मूळ दिवस भरले तेव्हा केले. माउलीची ओटी भरताना सूनबाईने खणनारळाबरोबर आळिवाचा एक लाडू ठेवला. गुरवाने तो उचलून पाहिला, आमच्याकडे पाहिले आणि परत तेथेच ठेवला.

गजराचे ते घड्याळ आणि बोंडले गेल्या पावसाळ्यात पारवाडच्या एका घरी गेले आहे. तेथील मुलगा बत्तिसाव्या आठवड्याचा. त्याच्या आजीस आम्ही एवढेच विचारले, रात्री दोनला कोण उठते?