'लाभांश' या शब्दाचा विग्रह

शब्दांचे अर्थ सांगून पोट भरणाऱ्यास एखाद्या साध्या शब्दाने तोंडघशी पाडावे, यासारखी नामुष्की नाही. आम्ही गोंदियात मराठी शिकवतो. २०१६ साली आमचे एक ज्येष्ठ सहकारी निवृत्त झाले. हाती आलेल्या रकमेपैकी दहा लाख रुपये त्यांनी म्युच्युअल फंडात घालावेत असे कोणीतरी त्यांना सुचवले. पत्रक घेऊन सर आमच्याकडे आले, कारण त्यात दोन पर्याय होते, 'वृद्धी' आणि 'लाभांश', आणि शब्दाचा प्रश्न आला की ते आम्हालाच विचारीत. आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले : लाभाचा अंश तो लाभांश, षष्ठी तत्पुरुष. झाड जागेवर राहते, फळ तेवढे हाती येते. सरांनी लाभांशापुढे खूण केली.

तेव्हा आमची या विषयातली विद्वत्ता किती होती, तेही सांगून टाकतो. विमोचन म्हणजे आम्हाला पुस्तकाचे ठाऊक. गोंदियाला मध्य प्रदेशाची हद्द लागून, छत्तीसगडची लागून. हिंदी कार्यक्रमांच्या निमंत्रणपत्रिकांवर हा शब्द आम्ही नेहमी वाचतो. फंडाच्या पत्रकात मात्र युनिटे परत करून पैसे घेणे म्हणजे विमोचन. 'चक्रवाढ' वाचून तर आम्ही दचकलोच. धानाच्या मुलखात हा शब्द सावकाराच्या वहीतला. पेरणीला नेलेले धान सुगीला सवाई-दिढीने परत करणाऱ्यांच्या घरात तो कोणी कौतुकाने उच्चारला नसेल. इथे तोच शब्द गुंतवणूकदाराच्या गळ्यात हार घालायला उभा! शब्द तोच, बाजू तेवढी बदललेली.

'एनएव्ही', म्हणजे निव्वळ मालमत्ता मूल्य, हे प्रकरण त्यामानाने सरळ निघाले. फंडाकडे जे काही आहे त्याची बाजारभावाने किंमत करावी, देणी वजा करावीत, उरलेल्यास एकूण युनिटांनी भागावे. इतकेच. पण हा भागाकार दिसतो तितका क्षुल्लक नाही. १९६४ साली युनिट ट्रस्टने काढलेल्या पहिल्या योजनेत मास्तर, कारकून, विधवा अशा लाखोंनी विश्वासाने पैसे ठेवले होते. तिच्या युनिटाची किंमत या भागाकारावरून ठरत नसे, संस्था ती जाहीर करीत असे. जाहीर किंमत आणि खरी किंमत यांतले अंतर वाढत गेले, आणि जुलै २००१ मध्ये त्या योजनेची खरेदी-विक्रीच थांबवावी लागली. अनेक मध्यमवर्गीय घरांत तो महिना अजून आठवतो.

दहा रुपयांचे नवे युनिट स्वस्त आणि दोनशेचे जुने महाग, हा समज मात्र आमच्या स्टाफरूममध्ये आजही पक्का आहे. दहा हजार रुपयांत दहाच्या दराने हजार युनिटे येतात, दोनशेच्या दराने पन्नास. दोन्ही फंड दहा टक्के वाढले तर दोन्हीकडे हजारच रुपये वाढतात. तांदळाचे कट्टे लहान बांधले म्हणून तांदूळ स्वस्त होत नाही, हे गिरण्यांच्या या शहरात कोणाला सांगायला नको. तरी सांगावे लागते.

असो. सरांच्या खात्यात दरमहा आठेक हजार येऊ लागले. त्यातून बाईंची औषधे आणली जात, नातवाची फी जाई. 'तुमचा तत्पुरुष पावला बरं का,' असे ते भेटले की म्हणत आणि आम्ही सुखावत असू. चौथ्या वर्षी रक्कम घटू लागली. मार्च २०२० मध्ये बाजार कोसळला आणि नंतर ती येईनाशी झाली. दिवाळीत ते विवरणपत्र घेऊन आले. मुद्दल सात लाखांच्या आसपास उरले होते.

आम्ही दोघे पेन्सिल घेऊन बसलो आणि चार वर्षांपूर्वी करायला हवा होता तो हिशेब केला. युनिटाचे मूल्य पंधरा रुपये असताना एक रुपया लाभांश दिला, की त्या युनिटाचे मूल्य चौदा होते. बाहेरून काही येत नाही. एका खिशातून काढलेले दुसऱ्या खिशात पडते. मूल्य तेवढ्या वेगाने वाढले नाही, तर काढलेले आपलेच मुद्दल असते. सरांना लुबाडले होते असे म्हणता येणार नाही. चार वर्षांत मिळालेले पावणेचार लाख आणि उरलेले सात लाख मिळून दहाच्या वरच होत होते. पण आपण मूळ रक्कम खर्च करीत आहोत, हे ठाऊक असते तर त्यांनी हात आखडता घेतला असता. ते ठाऊक नव्हते, कारण आम्ही समास सोडवून दिला होता.

सरांचे गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यातले, नवेगाव बांधाच्या बाजूचे. कोहळ्यांनी बांधलेल्या तलावांवर ती शेती शतकानुशतके पिकत आली आहे. पाळीतून पाणी सोडायच्या मोरीला तिकडे तुडूम म्हणतात. बराच वेळ कागदाकडे पाहून सर म्हणाले, "म्हणजे तुडूम उघडून आलेल्या पाण्याला आपण पाऊस समजत होतो." ते 'आपण' म्हणाले. 'तुम्ही' म्हणाले असते तर आम्हाला अधिक बरे वाटले असते.

पुढल्याच वर्षी, १ एप्रिल २०२१ पासून, सेबीने या पर्यायाचे नाव बदलायला लावले. नवे नाव मराठीत आणायचे तर 'उत्पन्न वितरण तथा भांडवल काढणी' असे काहीतरी होईल. असल्या बोजड सरकारी शब्दांची वर्गात यथेच्छ टिंगल करण्यात आमची हयात गेली. 'लाभांश' सुटसुटीत, नादमधुर, संस्कृतातून थेट आलेला. आणि त्याने सरांची चार वर्षे दिशाभूल केली. 'भांडवल काढणी' कानाला खडबडीत आहे, पण सरांनी ते वाचले असते तर आमच्याकडे येण्याआधीच थबकले असते.

हे सगळे आता आमच्या तरुण सहकाऱ्यांच्याही दारात आले आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांना जुन्या निवृत्तिवेतनाऐवजी अंशदायी योजना लागू झाली. त्यामुळे भवभूती शिकवणाऱ्या प्राध्यापकाच्या म्हातारपणाची तजवीजही युनिटांत आणि त्यांच्या मूल्यांत मोजली जाऊ लागली. परवा विभागातल्या एक बाई आपले विवरण घेऊन आल्या आणि एनएव्ही म्हणजे काय ते विचारू लागल्या. आम्ही अर्थ सांगितला नाही. पेन्सिल दिली आणि भागाकार करायला लावला.

सर आता गावीच असतात. पावसाळ्यात त्यांचा फोन येतो. तलाव कितपत भरला ते आधी सांगतात, मग आकडा विचारतात. उरलेली युनिटे त्यांनी 'वृद्धी'त घातली आहेत. त्या शब्दाचा विग्रह त्यांनी आम्हाला अजून विचारलेला नाही.