माझ्याच बातमीतला खड्डा

रविवारी पहाटे पावणेपाचला सायकल काढली. डॉक्टरांनी शुगरचा आकडा दाखवून घाबरवल्यापासून हा नाद लागलाय. एरवी भाट्ये, फार तर पावस. या खेपेला ठरवलं, किनाऱ्याकिनाऱ्याने थेट गुहागर. रत्नागिरी ते जयगड साधारण ४५ किलोमीटर, मग फेरीबोटीने शास्त्रीची खाडी ओलांडून तवसाळ, पुढे हेदवी, वेळणेश्वर, गुहागर.

आपल्याकडे सूर्य डोंगरामागून येतो, त्यामुळे समुद्र उशिरा उजळतो. आरे-वारेच्या चढावर धापा टाकत थांबलो तेव्हा खाली लाटांची पांढरी रेघ आणि लांब होड्यांचे दिवे, एवढंच दिसत होतं. बागांमधून मोहोराचा वास येत होता. वीस वर्षं मोटारसायकलवरून या रस्त्याने बातम्या गोळा करतोय, हा वास कधी आला नव्हता. गणपतीपुळे गेलं, केशवसुतांचं मालगुंड गेलं. मस्त चाललं होतं.

पुढे एका उतारावर अचानक डांबर संपलं. समोर खड्डा. मी एकीकडे, सायकल दुसरीकडे. कोपर आणि गुडघा सोलवटला, पुढचं चाक वाकडं झालं.

रस्त्याच्या कडेला बसलो आणि आठवलं. हा रस्ता मी ओळखतो. पावसाळ्याआधी याचीच बातमी मी दिली होती. ‘काम पूर्ण, ग्रामस्थांना दिलासा.’ प्रेसनोट व्हॉट्सअॅपवर आली होती, सोबत गुळगुळीत रस्त्याचा फोटो. पान सोडायची घाई होती. रस्ता बघायला गेलो नव्हतो.

लंगडत, सायकल ढकलत पुढच्या चहाच्या टपरीवर आलो. टपरीवालीने पाणी दिलं, हळद दिली.

“तिकडच्या उतारावर ना? तिथे सगळेच आपटतात. गणपतीत माझा मुलगा पडला, हात मोडला. दीड महिना कामाला नव्हता.”

“तक्रार नाही केली?”

“केली की. साहेब म्हणाले, रस्ता झालाय. पेपरात पण आलंय म्हणाले.”

चहा घशाखाली उतरेना. ती बातमी माझी होती, हे तिला सांगायचं धाडस झालं नाही. पैसे दिले आणि उठलो.

रेवस ते रेडी सागरी महामार्गाच्या बातम्या आम्ही पिढ्यान्‌पिढ्या देतोय. बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासूनचं ते स्वप्न. जयगडच्या खाडीवर पूल होणार, हेही मीच किती वेळा लिहिलं असेल! व्हावा, जरूर व्हावा. बोट चुकली की आजारी माणसाला केवढा वळसा पडतो, ते आपण जाणतो. पण पुलाची बातमी पहिल्या पानावर आणि या उताराची आतल्या पानावर, तीही न बघता. खाली आमची चूक इथेच होते.

गुहागर राहिलं. उलटा फिरलो. खड्डा पावलांनी मोजला. सात पावलं लांब, खोली माझ्या घोट्याच्या वर. फोटो काढले. मग एका टेम्पोवाल्याने सायकलसकट घरी सोडलं.

सोमवारी संबंधित कार्यालयात गेलो. साहेब शांतपणे म्हणाले, “आम्ही फक्त डागडुजी पूर्ण म्हटलं होतं. काम पूर्ण हे तुमचं हेडिंग.” प्रेसनोट पुन्हा उघडून पाहिली. साहेब खरं बोलत होते.

पेपरात खुलासा येईल तेव्हा येईल, डेस्कशी बोलतोय. तोवर इथे लिहितो. ती बातमी मी दिली होती, न बघता दिली होती. पुढच्या रविवारी त्या टपरीवर जाऊन मावशींना हे तोंडावर सांगायचंय. ४५ किलोमीटरपेक्षा तेच जड जाणार आहे.

तुमच्या गावातही कागदावर ‘पूर्ण’ झालेला रस्ता असेल तर खाली लिहा. बघायला येतो. चाक सरळ करून घेतलंय.