चोक देणे

'चोक'ला मराठी प्रतिशब्द घडवण्याच्या भानगडीत कुणी पडलं नाही, हे बरं झालं. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ गळा आवळणे. जुन्या कार्ब्युरेटरमध्ये हवेच्या वाटेवर एक झडप असे. ती मिटली की इंजिनाला हवा कमी आणि पेट्रोल जास्त मिळे. आपल्याकडच्या पुष्कळ मोटरसायकलींत मात्र हवा अडवली जातच नाही. लिव्हर ओढली की वायर एक छोटा प्लंजर वर उचलते आणि पेट्रोलची एरवी बंद असलेली वेगळी वाट उघडते. गळा कुणी आवळत नाही, नाव तेवढं राहिलं.

मराठीने हे नाव घेतलं आणि त्याला 'देणे' जोडलं. गाडीला चोक देतात, जसं औषध देतात, टेकू देतात. यंत्रात जे घडतं त्याच्याशी हे क्रियापद मूळ शब्दापेक्षा जास्त इमानी आहे. अडवण्याचा अर्थ आपण मोरीकडे ठेवला. चोक होते ती मोरी. अनुवादाचं काम करणाऱ्या बाईला अशा जागांचा हेवा वाटतो. शब्द आहे तसाच, आणि अर्थ दुरुस्त!

गेल्या हिवाळ्यात इंदूरला बाबांच्या गाडीपाशी बसले होते, तेव्हा हा विचार आला. गाडी २००५ सालची, बाबा ७७ वर्षांचे. डिसेंबर लागल्यापासून त्यांनी सकाळचं बाहेर जाणं सोडलं होतं. पोहे-जिलबीच्या ठेल्यावरचे त्यांचे मित्र फोन करून थकले. "थंडी फार आहे," एवढंच ते सांगत. दादाचं म्हणणं, गाडी विकून टाका. नव्या गाड्यांना चोकच नसतो. त्यात तथ्य होतं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, बहुतेक गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आलं, आणि गार इंजिनाला किती पेट्रोल लागेल ते गाडी स्वतःच ठरवू लागली.

मी हँडलवरची लिव्हर ओढून पाहिली. अर्ध्यावर येऊन अडत होती.

"बाबा, चोक कधीपासून जड झालाय?"

"जड कुठे? थोडा ओढावा लागतो, इतकंच."

गार इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून जास्तीचं पेट्रोल लागतं. थंडीत चोक अर्धाच उघडला तर किका मारून माणूस दमतो. जोराने ओढावा, तर वायरच्या टोकाची गुंडी तुटते. जडपणा हाताला लिव्हरपाशी लागतो, पण दोष तिथेच असेल असं नाही. जड वाक्याचंही तसंच. खटकतो एक शब्द आणि अडलेलं असतं दोन ओळी आधी.

पेट्रोलचा कॉक बंद केला, कार्ब्युरेटरच्या बाजूचा नट सोडवला आणि वायरीसकट प्लंजर बाहेर काढला. स्प्रिंग दाबून वायर वेगळी केली. प्लंजर त्याच्या जागेत अलगद खालीवर होत होता. टोकाचं रबरही शाबूत होतं. लिव्हर मात्र अजून तितकीच जड. म्हणजे दोष वायरीत. हँडलच्या दांड्यापाशी कुणीतरी ती आवळून बांधली होती, आणि त्या वळणावर आत गंज धरला होता.

बांधणी कापली. वायरीचं वरचं टोक मोकळं केलं, त्याला प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा गुंडाळून नरसाळं केलं, त्यात शिलाई मशीनचं तेल घातलं आणि वायर रात्रभर खिळ्याला टांगून ठेवली. सकाळी खालच्या कागदावर तांबूस तेल ठिबकलेलं होतं. तार कुठे उसवलेली नव्हती. असती तर नवीनच घालावी लागली असती. जोडताना लिव्हरला थोडी ढील ठेवली. ती नसेल तर प्लंजर पुरता बसत नाही, गाडी विनाकारण पेट्रोल पिते आणि प्लग काळा पडतो.

बाबा शाल पांघरून बाहेर आले. उजव्या हाताच्या अंगठ्याने डाव्या अंगठ्याचं सुजलेलं पेर चोळत राहिले. मग लिव्हर ओढली. पूर्ण आली.

दुसऱ्या किकला गाडी चालू झाली. "आता रेस द्यायची नाही," ते सवयीने म्हणाले. खरंच आहे, थ्रॉटल उघडला की त्या वेगळ्या वाटेने पेट्रोल ओढणारा जोर कमी होतो.

त्यांनी लिव्हर सोडली, पुन्हा ओढली, पुन्हा सोडली.

"मला वाटलं, अंगठा गेला," ते म्हणाले.

दोन महिने त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. मी पक्कड पुसत बसले. बाबा आत गेले, ते हेल्मेट घेऊनच बाहेर आले.